काष्टीचा बाजार आणि एक कॅप्सूल

काष्टीचा शनिवारचा बाजार जनावरांचा. लहानपणी अब्बांचं बोट धरून मी तिथं हिंडलोय. जनावर कितीही दांडगं असो, अब्बा आधी शेण बघत. ‘खाल्लेलं अंगी लागतंय का, ते इथं कळतं,’ म्हणत.

थोरल्या भाईंच्या स्वादुपिंडावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा हे आठवलं. जेवण जात होतं, वजन मात्र उतरत होतं. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं. तेल-तूप पचतच नव्हतं.

हे कोडं फ्रान्सच्या क्लोद बर्नारनं १८४८च्या सुमारास सशाच्या पोटात सोडवलं. सशाची स्वादुपिंडाची नळी पित्तनळीच्या बरीच खाली आतड्याला मिळते. चरबी खाल्लेल्या सशाच्या आतड्यावरच्या वाहिन्या त्या जोडाच्या पुढंच दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या त्याला दिसल्या. तरीही १९३५ साली न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांनी आपली प्रसिद्ध शस्त्रक्रिया मांडली, तेव्हा उरलेल्या स्वादुपिंडाचं तोंड शिवून बंदच केलं होतं! पुढं ते आतड्याला जोडू लागले.

एवढं करूनही कित्येकांना रस कमी पडतो. मग कॅप्सूल. जठरातल्या आम्लात नासू नये म्हणून आतल्या दाण्यांवर लेप असतो. घ्यायची ती जेवतानाच. आणि बनते डुकराच्या स्वादुपिंडापासून.

भाईंनी डबी बाजूला सारली. आठवडाभर कुणाचं चालेना. शेवटी मौलवीसाहेबांनी डॉक्टरांना फोनवर एकच विचारलं, दुसरा इलाज आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘भाईजान, जिवासाठी मुभा आहे. घ्या.’

भाईंनी डोळे मिटून भाकरीच्या पहिल्या घासाबरोबर ती गिळली. दोन महिन्यांनी भाभींनी आत घेतलेली कुर्त्याची शिवण उसवली.