विहिरीला राखणदार हवा

पाण्याची एखादी जुनी, बंद पडलेली व्यवस्था पुन्हा सुरू करायची म्हटली की आपल्याला आधी सामान आठवते. नवा पंप, नवे पाइप, प्लास्टिकची टाकी. विहीर असेल तर कठडा आणि वर लोखंडी जाळी. अंदाजपत्रकही त्याचेच होते, कारण सामान मोजता येते आणि त्याचे बिल निघते. वर्धा जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. या काळात गावाचे पिण्याचे पाणी दोर-रहाटावरून हातपंपावर आणि हातपंपावरून नळावर आले. साधन दर वेळी आधीच्याहून सोयीचे होते, तरी घोडे एकाच ठिकाणी अडत राहिले: रोजची राखण कोणी करायची, हे पक्के ठरत नव्हते. जुन्या विहिरीचे पुनरुज्जीवन हा बांधकामाचा प्रश्न थोडा आणि जबाबदारीचा प्रश्न फार आहे, असे मला वाटते ते यामुळेच.

जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली भेगाळलेला पाषाण. खोदलेल्या विहिरीला लागते ते पाणी मुख्यतः या वरच्या थरांतले. पावसाळ्यात ते भरभर चढते, मे महिन्यात तळ गाठते. पाणी वरूनच मुरत असल्याने विहिरीभोवती जे सांडते, साचते, कुजते, त्याचा अंश विहिरीत उतरतोच. पटकीच्या साथी पसरत त्या याच वाटेने. हँकिन या आग्र्याच्या जीवाणुशास्त्रज्ञाने 1890 च्या दशकात विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा उपाय पुढे आणला; जुन्या पिढीला आठवते ते ‘लाल औषध’ हेच. आज त्याची जागा ब्लीचिंग पावडरने, म्हणजे ग्रामपंचायतीच्या बोलीत टीसीएलने घेतली आहे. नेहमीच्या निर्जंतुकीकरणासाठी प्रमाण सोपे आहे: हजार लिटरला 5 ग्रॅम. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल, तर ते साधारण 28,000 लिटर भरते. म्हणजे 140 ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवायची, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी विहिरीत सोडून पाणी ढवळायचे, निदान अर्धा तास थांबायचे आणि मग ओटी चाचणी घ्यायची. नमुन्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे. काम अवघड नाही, खर्चाचेही नाही. अडचण इतकीच की ते पुन्हा पुन्हा करावे लागते, आणि पावडरचे पोते उघडे राहिले तर तिचा जोर उडून जातो.

पूर्वी विहिरी निर्मळ होत्या, गाव एकदिलाने त्या जपत असे, असे चित्र रंगवण्याचा मोह टाळला पाहिजे. गावाची विहीर सगळ्या गावाची नव्हती. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तो पाण्याच्या हक्कासाठीच. पुढच्याच वर्षी वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले. आपल्या मळ्यांतल्या विहिरीही त्यांनी मोकळ्या केल्या. म्हणजे विहिरीवर कोणी यायचे हे जात ठरवत होती, आणि भोवतालची घाण कोणी उचलायची हेही तीच ठरवत होती. ती राखण लादलेली होती. ती परत आणावी असे कोणी म्हणणार नाही. वर्ध्यानेच त्या काळात दुसरी वाट दाखवली. 1934 मध्ये मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. ऑक्टोबर 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली आणि तिने सफाई हा शिक्षणाचाच भाग मानला. 1930 च्या दशकाच्या अखेरीस पटकीची साथ आली तेव्हा नुकत्याच डॉक्टर झालेल्या सुशीला नय्यर यांनी ती जवळजवळ एकहाती हाताळली. या प्रयोगांचे मोल त्यांच्या साधेपणात नाही. सफाई हे ठरावीक जातीचे काम नसून प्रत्येकाच्या वेळापत्रकातले काम आहे, हे तिथे पद्धतशीरपणे मांडले गेले.

स्वातंत्र्यानंतर मात्र भरवसा यंत्रावर बसला. कठीण खडकात बोअर घेणारी यंत्रे आली, 1972 च्या दुष्काळाने त्यांना वेग दिला आणि गावोगाव हातपंप उभे राहिले. सुरुवातीचे बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले, त्यांच्यावर अख्ख्या गावाचा भार पडला. 1970 च्या दशकाच्या मध्यात देशभरातले सुमारे तीन चतुर्थांश हातपंप बंद असल्याचे पाहणीत आढळले. यावरचा तोडगा महाराष्ट्रातूनच निघाला, हे फारसे सांगितले जात नाही. जालन्याच्या आणि मग सोलापूरच्या कारागिरांनी दांड्याला एकच भक्कम खीळ आणि खाली साखळी, अशी पोलादी रचना केली; त्याच धर्तीवर दशकाअखेर ‘इंडिया मार्क 2’ हा पंप तयार झाला. पंप खरोखर दणकट होता. पण सिलिंडरमधले चामड्याचे वॉशर झिजले की सगळा पाइप वर ओढावा लागे. त्यासाठी खास हत्यारे आणि पथकाची गाडी बाहेरून यायची. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी गाव गाडीची वाट पाहत बसे. पुढे ‘मार्क 3’मध्ये पाइप रुंद करून वॉशर वरच्या वर काढण्याची सोय करण्यात आली, ती दुरुस्ती गावाच्या हाती यावी म्हणूनच. यंत्र घडवणाऱ्यांनाही अखेर राखणीचा विचार यंत्राच्या आराखड्यातच करावा लागला, हा यातला धडा.

आता कोणी विचारेल, 2019 पासून जल जीवन मिशनचे नळ घरोघर येत आहेत, मग जुन्या विहिरींची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. डोक्यावर हंडा घेऊन फिरणाऱ्या बाईला विहिरीचे कौतुक ऐकवणे बरे नव्हे. पण एका गावापुरत्या असंख्य योजनांचा उद्भव ही विहीरच असते, फक्त ती चौकातून नाल्याकाठी गेलेली असते. नळ म्हणजे तिचाच लांबवलेला दोर. चौकातल्या विहिरीत शेवाळ आले तर दहा बायकांना ते दिसायचे. नाल्याकाठच्या विहिरीत काय झाले ते पंप सुरू करणाऱ्या एका माणसालाच ठाऊक. नळामुळे राखणीची गरज संपली नाही, तिच्यावरची गावाची नजर तेवढी हटली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटचा सर्वाधिक प्रादुर्भाव असलेल्या देशातल्या जिल्ह्यांत वर्ध्याचे नाव आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट चालत नाही. तान्ह्या बाळांना ते विशेष घातक. टीसीएलने ते जात नाही, आणि उकळल्याने तर पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. मग गाळ उपसून, कठडा बांधून काय साधले? जिथे तपासणीत प्रमाण जास्त निघते, तिथे ती विहीर पिण्यासाठी वापरू नये, हे सरळ उत्तर. धुण्याला, गुरांना, आग लागली तर विझवायला ती ठेवावी. पण या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट तो पक्का होतो. नायट्रेट येते ते कपाशी-सोयाबीनच्या शेतातल्या युरियातून, विहिरीला खेटलेल्या उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून. यातले काहीही नव्या मोटारीने दूर होत नाही. उकिरडा हलवणे, खताचा हात आवरणे, नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्याचा निकाल फलकावर लावणे, हे सारे राखणीतच मोडते. तिची हद्द कठड्यापाशी संपत नाही.

पैशाची सबब फारशी टिकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला. जलसुरक्षक हे पद आहे, ओटी चाचणी आहे, पाण्याच्या स्थितीप्रमाणे ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देण्याची पद्धत आहे. नसते ती विचारणा. ती ग्रामसभेतच व्हायला हवी, आणि त्यासाठी 1 मेची सभा सोयीची, कारण मे महिन्यात पाणी तळाला असते आणि गाळ उपसायला तेव्हाच सोपे जाते. त्या दिवशी गावकऱ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: विहिरीचा गाळ शेवटचा कधी काढला, टीसीएल कोण टाकतो आणि त्याची नोंदवही कुठे आहे, नायट्रेटचा शेवटचा निकाल काय आला. या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत नव्या कठड्याच्या आणि नव्या पंपाच्या ठरावाला हात वर करू नये.