बंधारे सगळ्यांनी बांधले, हिशोब कुणी ठेवला? हिवरे बाजारकडून शहराने शिकायचं ते

हिवरे बाजारची गोष्ट तुम्ही बहुतेक अशी वाचली असेल: पर्जन्यछायेतलं गाव, १९७२ चा दुष्काळ, पोट भरायला बाहेर पडलेली कुटुंबं. मग १९८९ मध्ये एम.कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले, डोंगरउतारावर चर खणले, ओढ्यांवर बंधारे बांधले आणि विहिरींना पाणी आलं. यात खोटं काही नाही. पण तुम्हाला संशोधन करायचंय ना? मग इथे थांबा. चर आणि बंधारे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत झाले. पाणी सगळीकडे का टिकलं नाही?

उत्तरासाठी आधी घटनाक्रम लावून बघा. नव्वदच्या दशकात गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आलं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही तिची पंचसूत्री. म्हणजे बंधाऱ्यांबरोबर बंधनंही आली. पुढे गावाने शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, ऊस आणि केळीला नकार दिला. २००४ च्या सुमारास पाण्याचा ताळेबंद सुरू झाला. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची आणि रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. माणसं आणि जनावरांच्या पिण्याचं पाणी पहिलं, शेती त्यानंतर.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. गावाचं क्षेत्र साधारण ९७५ हेक्टर धरलं, तर प्रत्येक मिलिमीटरला जवळपास १ कोटी लिटर. त्यातलं बरंच बाष्प होऊन जातं, काही वाहून जातं. उरतं ते खर्चायचं. जमेची बाजू पाऊस ठरवतो, खर्चाची बाजू मात्र गाव ठरवतं. माझ्या मते, पाणी टिकण्याचं मुख्य कारण हे आहे.

आता शहराकडे या. आपण पर्यावरण म्हटलं की झाडं लावतो, गच्चीवरचं पाणी जमिनीत सोडतो. चांगलंच आहे, १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १ मिलिमीटर पावसाचे १०० लिटर पडतात. पण ही फक्त जमेची बाजू झाली. तुमच्या सोसायटीत नळाचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी महिन्याला किती लागतं, हे कुणाला माहीत आहे का? तिन्हींची वेगळी नोंद ठेवा. बोअरची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजा. आकडे फलकावर लावा. पाणी कमी पडलं तर आधी काय बंद होणार, गाड्या धुणं की लॉन, हे सभेत आधीच ठरवा.

टँकरची नोंद मुद्दाम सांगतोय. आपण बोअर आवरलं आणि टँकर वाढवले, तर पाणी वाचत नाही. उपसा फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरीवर सरकतो. पुण्यासारख्या शहरात तर नळाचं पाणीही वाटणीचंच असतं. खडकवासल्याच्या कालव्यावर दौंड-इंदापूरची शेती अवलंबून आहे.

शेवटी, विषय शोधत असाल तर एक प्रश्न देतो. बंधनांचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. चराईबंदीची झळ शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीनाला आधी लागते. पाणीकपातीची झळ टाकी नसलेल्या वस्तीला. गावाचा असो वा शहराचा, ताळेबंद अभ्यासताना पाणी किती वाचलं हे मोजाच, पण ते कुणाच्या वाट्यातून वाचलं हाही एक रकाना ठेवा.