पाचशे रुपयांची पोटगी

आमच्या वाड्यावरच्या एका मावशीकडे पत्र्याचा डबा होता. त्यात मनीऑर्डरची कुपनं. मुलासाठी कोर्टाने बापाला भरायला लावलेले महिना १५० रुपये. पोस्टमन आला की कुपन वाचायला ती मला हाक मारायची. मुलगा बालवाडीतून हायस्कुलात गेला, अर्ध्या चड्डीची फुल पँट झाली, पण कुपनावरचा आकडा तोच! लहानपणी मला वाटायचं, कोर्टाने एकदा लिहिलं म्हणजे ते दगडावर कोरलेलं.

पुढे कायद्याची पुस्तकं चाळताना या आकड्यांचा इतिहास सापडला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होतं. पोटगी जास्तीत जास्त महिना ५० रुपये. १९२३मध्ये ती मर्यादा १०० झाली, १९५५मध्ये ५००. १९७३ची नवी संहिता आली, कलमाचा नंबर १२५ झाला, पण ५०० तसेच राहिले. ही मर्यादा उठली ती थेट २००१मध्ये. म्हणजे ४६ वर्षं! एवढ्या काळात आमच्या बाजारात नारळाचा भाव कुठच्या कुठे गेला.

बरं, हे ५०० 'एकूण', असं कलमात लिहिलेलं. म्हणजे बायको आणि सगळी पोरं मिळून? १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की एकूण म्हणजे एका माणसाचे सगळे खर्च मिळून, सगळं कुटुंब मिळून नव्हे. त्या एका शब्दावर किती चुली अवलंबून होत्या!

गंमत म्हणजे आमच्या गोव्यात आधीपासून वेगळं माप होतं. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७०मध्ये लागू झाला. त्यात पोटगीला शब्द 'आलिमेंतुश', म्हणजे अन्नच. आपल्या 'पोटगी'तही पोट आहेच. अन्न, निवारा, कपडे, आणि मूल अज्ञान असेल तर शिक्षणसुद्धा त्यात धरलेलं. रक्कम किती? देणाऱ्याची ऐपत आणि घेणाऱ्याची गरज पाहून. कमाल आकडा नाहीच. हा कायदा मुक्तीनंतरही राहिला. पण दिवाणी दावा लढवायला पैसा आणि सवड कोणाकडे? मॅजिस्ट्रेटकडचा अर्ज सोपा, म्हणून मावशीसारख्या बायका तिकडे जायच्या.

आणि तो आकडा दगडावर कोरलेला नव्हताच. त्याच संहितेत कलम १२७ होतं. देणाऱ्याची किंवा घेणाऱ्याची परिस्थिती बदलली तर रक्कम वाढवून, कमी करून मागता येते. मूल वाढलं, फी वाढली, बापाचा पगार वाढला, तर पुन्हा अर्ज करायचा. अर्ज केला नाही तर मात्र कोर्ट आपण होऊन विचारायला येत नाही. थकबाकीचंही तसंच, वर्षाच्या आत मागितली तरच वसुलीचं वॉरंट.

२०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं प्रतिज्ञापत्रावर सांगायला लावलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ठरवलं. १ जुलै २०२४पासून संहिताच बदलली. १२५चं १४४ आणि १२७चं १४६ झालं.

गेल्या चवथीला मावशीकडे गेलो तेव्हा हे १२७चं सांगितलं. तिचा मुलगा आता नोकरीला आहे, १८ पुरी झाली त्याच महिन्यात मनीऑर्डर बंद झाली होती.

"आतां सांगून कितें रे?" म्हणाली, आणि नेवऱ्यांचं ताट पुढे केलं.