कोतळूकचा साक्षीदार

१८९७ च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखले यांची साक्ष झाली, तेव्हा त्यांचे एकतिसावे वर्ष सरत आले होते. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरकडच्या कोतळूक गावी जन्मलेला फर्ग्युसन कॉलेजचा हा प्राध्यापक हिंदुस्थान सरकारच्या खर्चाचा हिशेब मांडायला गेला होता. आयोगाचे सभासद एकेका आकड्यावरून त्याची उलटतपासणी घेत होते. गोखले डगमगले नाहीत. गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तरांनी सरकारी अहवालांतूनच वेचून दिलेले आकडे त्यांच्या गाठीशी होते आणि न्यायमूर्ती रानड्यांनी तयारी करून घेतली होती. सरकारच्या कागदांनी सरकारलाच पकडायचे ही त्यांची रीत होती. साक्षीने लौकिक मिळवला, पण त्याच मुक्कामात त्यांच्या हातून दुसरी एक गोष्ट घडली आणि ती आयुष्यभर सलावी अशी ठरली. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली प्लेगची घरझडती चालू होती. सोजिरांच्या अत्याचारांची वर्णने पुण्याहून पत्रांनी येत होती. त्यांच्या भरवशावर गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये निवेदन दिले. स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आरोप त्यात होता. मुंबई सरकारने तो साफ नाकारला आणि पुरावा मागितला. गोखले परतले तेव्हा ज्यांनी पत्रे लिहिली त्यांतले कोणी पुढे यायला तयार नव्हते. पत्रलेखकांची नावे सांगायला गोखल्यांनी नकार दिला आणि ऑगस्टमध्ये बिनशर्त माफी मागितली.

ही माफी भ्याडपणाची होती, असे त्या वेळी पुष्कळांना वाटले, आजही काहींना वाटते. त्या वादात शिरण्याचे इथे कारण नाही. मला त्यात दिसते ते वेगळेच. एकच माणूस, एकच साल, एकच शहर. खर्चाबद्दल तो बोलला तेव्हा त्याला हलवता आले नाही, साथीच्या बंदोबस्ताबद्दल बोलला तेव्हा तोंडघशी पडला. फरक त्याच्या धैर्यात नव्हता. खर्चाचे कागद छापलेले होते, ते कोणालाही दाखवता येत होते. प्लेगची हकिगत मात्र घाबरलेल्या माणसांच्या खाजगी पत्रांत होती आणि त्या माणसांना साक्षीला बोलावून अभय देईल असे कोणतेही पीठ देशात नव्हते. आरोग्याच्या धोरणाची छाननी करणाऱ्या संसदीय समितीचे खरे बळ याच दोन गोष्टींत असते, असे माझे म्हणणे आहे: दप्तर मागवण्याचा हक्क आणि साक्षीदाराला मिळणारे संरक्षण. मताधिकार, बहुमत, बंधनकारक शिफारस या गोष्टी त्यानंतरच्या.

गोखल्यांची पुढली कारकीर्द याला आधार देते. १९०२ पासून ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात होते. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, प्रश्न विचारता येई. पण उपप्रश्न नाही, ठराव नाही, मतदान नाही. पंतोजीपुढे हात बांधून उभे राहावे तसा हा प्रकार. तरी मिठावरच्या कराबद्दल ते दरवर्षी बोलत राहिले. १८८८ मध्ये हा कर मणामागे अडीच रुपयांवर नेला, त्यानंतर मिठाचा खप कसा रोडावला, हे ते सरकारी आकड्यांनीच दाखवत आणि मीठ हा गरिबाच्या प्रकृतीचा प्रश्न आहे, असे बजावत. १९०३ मध्ये कर दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. सारे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे, तिजोरीत शिल्लक होती हेही खरेच. पण शिल्लक कुठे खर्च करावी, या प्रश्नावर सरकारला दरवर्षी त्यांचे ऐकून घ्यावे लागत होते. उलट १९०९ च्या सुधारणांनंतर मतदान मिळाले, तेव्हा त्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. मत हाती आले म्हणून हात बळकट होतातच असे नाही.

स्वतंत्र भारताच्या संसदेने खात्यांवर नजर ठेवणाऱ्या स्थायी समित्या नेमायला १९९३ साल उजाडले. तेव्हा त्या १७ होत्या, २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. मंत्र्याला सदस्य होता येत नाही आणि उत्तरे द्यायला खात्याचे सचिव येतात. आरोग्याच्या समितीने मे २०१२ मध्ये औषध नियंत्रण संघटनेवर ५९ वा अहवाल दिला. जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात भारतीय रुग्णांवर चाचणी न घेता किती नव्या औषधांना परवानगी मिळाली, असा प्रश्न होता. खात्याने ३१ सांगितली. समितीने यादी तपासली तर त्यात दोन औषधे गाळलेली निघाली, म्हणजे आकडा ३३. शिवाय वेगवेगळ्या गावच्या तज्ज्ञांनी दिलेली शिफारसपत्रे शब्दाला शब्द जुळणारी होती. परीक्षेत शेजारच्याची उत्तरपत्रिका उतरवणारी पोरे निदान एखादी चूक तरी वेगळी करतात! मूळ दप्तर समितीपुढे आले नसते तर हे कळलेच नसते. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला ‘३१’ हे उत्तर मिळाले असते आणि तिथेच ते मिटले असते.

खेळाचे तसे होत नाही. स्कॉटलंडच्या संसदेत २००७ ते २०२१ आरोग्य आणि क्रीडा यांची एकच समिती होती. आपल्याकडे आरोग्य एका समितीकडे आणि खेळ शिक्षण, महिला व बालकल्याणाच्या गाठोड्यात. राज्यघटनेच्या राज्यसूचीत तर खेळ नाटक-सिनेमा-करमणुकीच्या नोंदीत बसवले आहेत. दोन्हींची गाठ पडली ती उत्तेजकांच्या प्रश्नावर. डिसेंबर २०२१ मध्ये मांडलेले उत्तेजकविरोधी विधेयक स्थायी समितीकडे गेले, तेव्हा महाराष्ट्राचे विनय सहस्रबुद्धे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल आला आणि २०२२ मध्ये कायदा झाला. पण बहुतेक क्रीडा संघटना सरकारी नाहीत. त्यांचे दप्तर सचिवाच्या कपाटात नसते, म्हणून तिथली छाननी पातळ होते. माझ्या म्हणण्याला हा उलट्या बाजूचा दाखला समजावा.

यावर आक्षेप येतात. शिफारसी बंधनकारक नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला? सरकारला त्यांवर काय केले ते लेखी सांगावे लागते आणि ‘मान्य नाही’ असे कारणासह कागदावर लिहिणे सोपे नसते. दुसरा आक्षेप जड आहे. समित्यांचे काम बंद दाराआड चालते आणि ज्या लोकांच्या जिवाचा प्रश्न असतो त्यांनाच आतले कळत नाही. १८९७ चे पत्रलेखक आठवले की बंद दाराचा उपयोग पटतो. साक्षीदाराला धमकावणे हा सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग ठरतो, हे संरक्षण त्यांना कुठे होते? तरीही काम आटोपल्यावर साक्षी सविस्तर छापायला हरकत नसावी, एवढे मी मान्य करतो. तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. दप्तर मागवण्याचा हक्क असूनही पाठवणाऱ्याने काही पाठवलेच नाही, तर समिती काय तपासणार?

आणि सार्वजनिक आरोग्यही, खेळांप्रमाणेच, राज्यसूचीत आहे. म्हणजे रत्नागिरीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा किंवा शाळेच्या क्रीडांगणाचा जाब दिल्लीत नव्हे, मुंबईत विचारला जायचा. जिल्हा परिषदेला आरोग्य समिती आहे, पण तिचे सभासद त्याच कारभाराचे भागीदार. बाहेरून तपासायला विधिमंडळाची पंचायती राज समिती (पीआरसी) येते. पीआरसी येणार म्हटले की भिंतींना रंग लागतो, नोंदवह्या पूर्ण होतात, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपासून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांपर्यंत सारे फायली घेऊन बसतात. ही समिती मुख्यतः लेखापरीक्षणाच्या परिच्छेदांवर चालते आणि ते परिच्छेद मागल्या वर्षांचे असतात. औषधखरेदीचा परिच्छेद निघतो तेव्हा ती औषधे केव्हाच संपलेली असतात आणि खरेदीवर सही करणारा अधिकारी बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलेला असतो.