दफ्तरात नसलेल्या स्त्रिया

१/ इतिहासाचे साधन म्हणजे कागद, असे आपण धरून चालतो. पण ज्यांना मागे कागद ठेवणेच धोक्याचे होते, त्यांचा इतिहास कशावरून लिहायचा? १९९२ साली कॅनडात निघालेल्या एका माहितीपटाने याचे एक उत्तर दिले. त्याविषयी हा धागा.

२/ ‘फॉरबिडन लव्ह’ हे त्याचे नाव. दिग्दर्शिका लिन फर्नी आणि एर्लिन वाइसमन. निर्मिती कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळातील ‘स्टुडिओ डी’ची. १९७४ मध्ये स्थापन झालेला हा स्त्रियांचा विभाग सरकारी पैशावर चाले. कॅनडात समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का अंशतः पुसला गेला तो १९६९ साली. त्याआधीच्या आयुष्यांची कथा पुढे सरकारी खर्चानेच चित्रित झाली.

३/ वयस्क झालेल्या लेस्बियन स्त्रिया कॅमेऱ्यासमोर बसून १९४० ते १९६० च्या दशकांतील आठवणी सांगतात. टोरांटो, माँट्रियल, व्हँकुव्हरमधले बार, पोलिसांचे भय, घरच्यांपासूनची लपवाछपवी आणि तरीही जुळलेली मैत्री व प्रेम. त्यांत मूलनिवासी आणि कृष्णवर्णीय स्त्रियाही आहेत. म्हणून हा अनुभव एकसाची राहत नाही.

४/ दुसरे साधन होते स्वस्त कादंबऱ्या. १९५० च्या दशकात भडक मुखपृष्ठांची ही पुस्तके सहज विकत मिळत. आपल्यासारखे आणखी कोणी आहे, हे अनेकींना प्रथम तिथेच कळले. मात्र शेवट बहुधा ठरलेला: मृत्यू, वेड, नाहीतर पुरुषाशी विवाह. अश्लीलतेच्या कारवाईची धास्ती प्रकाशकांना असे. १९५७ साली पहिली कादंबरी प्रसिद्ध झालेल्या लेखिका ॲन बॅनन या माहितीपटात स्वतः बोलतात.

५/ दिग्दर्शिकांनी मुलाखतींच्या मधून त्याच कादंबऱ्यांच्या ढंगातली एक काल्पनिक कथा गुंफली आणि तिचा शेवट सुखाचा केला. साक्ष सांगते काय घडले. ही कथा सांगते काय नाकारले गेले होते.

६/ स्मृती चुकते, काळ तिला रंगही चढवतो. म्हणून मौखिक साक्ष इतर साधनांशी ताडून पाहावी लागते. पण ती नोंदलीच नाही, तर ताडून पाहायलाही काही उरत नाही.

७/ माहितीपटाला कॅनडाचा मानाचा जिनी पुरस्कार मिळाला. ‘स्टुडिओ डी’ १९९६ मध्ये बंद पडला. हेच चित्रीकरण वीस वर्षांनी करायचे ठरले असते, तर त्यातल्या किती खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या! दफ्तर थांबते, माणसे थांबत नाहीत. ती आहेत तोवरच विचारायचे असते.