बिऱ्हाड सुटले, ट्रंक राहिली

चाकण हे नाव इतिहासाच्या वाचकास परिचित आहे ते फिरंगोजी नरसाळ्यामुळे. १६६० साली त्याने तेथील भुईकोट शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजविला. आज चाकण म्हटले की मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत जाऊन भिडली. कारखान्यांमागून कामगार आले, आणि कामगारांमागून खोल्या आल्या. एका खोलीत चौघे, कोठे सहाजण. भाडे वाटून घ्यावयाचे, खानावळीचा डबा लावावयाचा आणि पाळीप्रमाणे झोपावयाचे. ‘कॉट बेसिस’ हा शब्द आता तेथे घरोघर झाला आहे.

अशा खोलीतील एखादा भागीदार एके दिवशी निघून जातो. कंत्राट संपलेले असते, किंवा गावी कोणी आजारी असते. दोन महिन्यांचे भाडे थकलेले असते, आणि खाटेखाली त्याची ट्रंक, वळकटी व भांडी तशीच राहतात. कागद कोणताच नाही. मागे राहिलेल्यांना जागा हवी असते, कारण त्याचा वाटा त्यांनाच भरावा लागतो. मग प्रश्न उभा राहतो: त्याचे नाव काढून टाकता येईल काय, आणि त्या ट्रंकेचे काय करावयाचे? प्रश्न दिसतो लहान, परंतु त्याच्या उत्तरात आपल्या इकडील सुमारे दीडशे वर्षांचा कायद्याचा इतिहास साठविलेला आहे.

ही राहणीही नवी नव्हे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेले चाकरमानी असेच एका गाळ्यात एकत्र राहत. कित्येक खोल्या तर एकेका गावाच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या असत. माणूस पेरणीसाठी किंवा गणपतीसाठी गावी जाई, ट्रंक मात्र खोलीतच राही, आणि तिच्यावरून त्याची जागा ओळखली जाई. तेथे लेखी करार नव्हता. गावकीची ओळख हाच करार होता. चाकणच्या खोलीत एक मराठवाड्याचा, एक विदर्भाचा आणि एक बिहारचा असे तिघे असतात. त्यांना बांधणारी गावकी नाही, म्हणून तेथे कायद्याची आठवण लवकर होते.

या विषयातील पहिला कायदा १८८२ सालचा इझमेंट कायदा होय. तो मुंबई इलाख्यास १८९१ साली लागू झाला. दुसऱ्याच्या जागेत केवळ त्याच्या परवानगीने राहणे हा भाडेकरूच्या हक्काहून निराळा प्रकार आहे, हे त्याने स्पष्ट केले. भाडेकरूस जागेत हितसंबंध मिळतो, परवानगीवर राहणाऱ्यास तो मिळत नाही. त्याची परवानगी सामान्यतः काढून घेता येते. परंतु त्याच कायद्याचे ६३ वे कलम असे सांगते की, परवानगी रद्द झाल्यावरही त्या माणसास जागा सोडण्यास आणि तेथे ठेवू दिलेला आपला माल हलविण्यास वाजवी मुदत मिळाली पाहिजे. पुढचे कलम तर असेही म्हणते की, मोबदला घेऊन दिलेली परवानगी त्याचा दोष नसता मध्येच मोडून त्यास बाहेर काढले, तर तो भरपाई मागू शकतो. वाजवी मुदत म्हणजे किती दिवस, हे कायद्याने आकड्यात सांगितलेले नाही. ते परिस्थितीवरून ठरावयाचे. गावी आजारी पडलेल्या माणसास तीन दिवसांची मुदत वाजवी म्हणता येणार नाही.

दुसरे तत्त्व बळजबरीविषयी आहे. ज्याचा कब्जा कायदेशीर मार्गावाचून हिरावला गेला, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावल्यास मालकीचा वाद बाजूस ठेवून त्यास कब्जा परत मिळावा, अशी तरतूद १८७७ च्या विशिष्ट साहाय्य कायद्यात होती. १९६३ च्या नव्या कायद्यात ती सहाव्या कलमात कायम राहिली. १९२४ साली मिदनापूर जमीनदारी कंपनीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, हिंदुस्थानात आपल्या हक्काचा कब्जासुद्धा बळाने घेता येत नाही, तो न्यायालयामार्फतच घ्यावा लागतो. म्हणून खोलीचे कुलूप बदलणे हा झटपट उपाय वाटला, तरी त्यातून स्वतःवरच दावा ओढवून घेण्याचा संभव असतो.

यानंतर भाडेनियंत्रणाचे पर्व आले. पहिल्या महायुद्धात मुंबईत जागेची टंचाई झाली आणि १९१८ साली भाड्यावर निर्बंध घालणारे कायदे झाले. १९३९ साली पुन्हा तसाच कायदा झाला, आणि १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा तर मुदतीचा म्हणून येऊन वारंवार वाढत शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला. भाडेकरूस काढणे कठीण झाले, तेव्हा मालकांनी ‘भाडे’ हा शब्दच टाळला आणि ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणजे परवानगीचा कागद करण्यास आरंभ केला. कागदाचे नाव काय आहे यापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप काय आहे हे पाहिले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली सांगितले. मग १९७३ साली विधिमंडळाने मोठे पाऊल उचलले. त्या वर्षी १ फेब्रुवारी रोजी चालू परवानगीवर निदान एका खोलीचा ताबा असलेल्या रहिवाशास भाडेकरू मानण्यात आले. मालकाच्याच घरात राहणाऱ्या पेइंग गेस्टला मात्र त्यातून वगळले होते.

त्या कायद्याने अनेकांचे छप्पर वाचविले, आणि अनेक मालकांच्या मनात कायमची धास्तीही बसविली. परक्या माणसास खोली देण्यापेक्षा ती कुलूप लावून ठेवलेली बरी, ही समजूत शहरांत रूढ झाली. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, त्याने या धास्तीवर लेखी कागदाचा उतारा शोधला. परवानगीची मुदत संपल्यावर राहती जागा परत मिळविण्यासाठी मालकास २४ व्या कलमान्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. ५५ व्या कलमाने करार लेखी व नोंदणीकृत असण्याची सक्ती केली आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. कागद नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावयाचे. म्हणजे कागद न करणाऱ्या मालकाची बाजू सोपी होत नाही, उलट अवघड होते.

खोलीतील भागीदारांस हे कसे लागू पडते? कागदावर एकाचे नाव असेल आणि दुसरा त्याच्या संमतीने राहत असेल, तर ती संमती काढून घेता येते. परंतु सर्वांनीच तोंडी ठरवून मालकास भाडे दिले असेल, तर ते सारे एका पायरीवर आहेत. एकाने दुसऱ्यास काढण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि तंटा दिवाणी न्यायालयाकडेच न्यावा लागतो. ‘पुष्कळ वर्षे राहिलो, म्हणून हक्क झाला’ हेही चालत नाही. गोव्यातील एका बहीणभावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले की, विश्वासाने व फुकट राहू दिलेल्या माणसास केवळ दीर्घ वास्तव्यामुळे जागेत हितसंबंध मिळत नाही. तथापि त्यास काढावयाचे ते कायद्याच्या रीतीनेच, हेही त्याच निकालात आहे.

आता ट्रंकेकडे वळू. जागेवरील हक्क संपला म्हणून वस्तूंवरील मालकी संपत नाही. थकलेल्या भाड्यापोटी त्या विकून टाकाव्या असे सहज मनात येते. पण १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम पाहा. न्यायालयाचा हुकूमनामा हातात असला, तरी ऋणकोचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. चाकणच्या खोलीत मागे राहते ते बहुधा एवढेच. जे न्यायालयाच्या बेलिफासही उचलता येत नाही, ते खोलीतील सोबत्याने परस्पर विकावे हे कसे योग्य ठरेल? दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी करणे हा १८६० च्या दंड संहितेत अपराध होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. इंग्लंडात १९७७ च्या कायद्याने, रीतसर सूचना देऊन असा बेवारस माल विकण्याची वाट घालून दिली. खोलीत राहिलेल्या सामानापुरती तशी सरळ वाट आपल्या करार कायद्याने घातलेली नाही. म्हणून येथे सावधगिरी अधिक हवी.

व्यवहारात याचा अर्थ असा. गेलेल्या माणसास लेखी सूचना द्यावी, ती त्याच्या गावच्या पत्त्यावर पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवावी आणि फोनवरही कळवावी. सूचनेत सामान नेण्याची तारीख असावी, आणि ती गावाचे अंतर व त्याची अडचण पाहून ठरवावी. मालकासही कळवावे. दोन तटस्थ साक्षीदारांसमक्ष सामानाची यादी व छायाचित्रे करून ते एका बाजूस सुरक्षित ठेवावे. त्यातील प्रमाणपत्रे, बँकेची पुस्तके आणि आधारपत्र यांना तर मुळीच इकडेतिकडे होऊ देऊ नये. नोकरीची पुढची आशा त्यांच्यावरच असते. थकलेले भाडे ही निराळी बाब समजून तिची निराळी मागणी करावी. तो माणूस परत येऊन जागा सोडण्यास नाकारील, तर वकिलाच्या सल्ल्याने योग्य न्यायालयात जावे. दंगा झाला तर पोलिसांस बोलवावे, परंतु ताबा कोणाचा हे ठरविणे पोलिसांचे काम नव्हे.

हे सारे मंद वाटेल, आणि भाड्याचा बोजा वाहणाऱ्या तिघांना ते अन्यायाचेही वाटेल. त्यांची अडचण खरी आहे. तिच्यावरचा उपाय मात्र भागीदार गेल्यानंतर नव्हे, तर तो येण्याच्या वेळीच करावयाचा असतो. मालकाकडून नोंदणीकृत करार घ्यावा, त्यात राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव असावे, आणि जाताना किती दिवस आधी सांगावयाचे व मागे राहिलेले सामान किती दिवस सांभाळावयाचे, हे भागीदारांनी आपसांत लिहून ठेवावे. गिरणगावच्या गाळ्यात जे गावकीच्या भिडेने होत असे, ते आज कागदाने करावयाचे आहे. भीड गेली, पण माणूस गावी गेला असता त्याची ट्रंक सुरक्षित राहावी ही अपेक्षा गेलेली नाही. १८८२ च्या कायद्याने मागितलेली वाजवी मुदत तीच अपेक्षा पुरी करते.