स्टेविनने सोडलेली बाकी

४ ला ३ ने भागताना दशांशात ३ येतच राहतात. सायमन स्टेविनने १५८५ साली दशांश अपूर्णांकांवरील आपल्या डच पुस्तिकेत हे नोंदवले. गरजेपुरती स्थळे घेऊन बाकी सोडून द्यावी, असे त्याने सुचवले. व्यवहाराला ते पुरेसे होते, गणिताला नव्हते.

ऑयलरच्या १७७० सालच्या जर्मन बीजगणितात ही बाकी वसूल करण्याची रीत आहे. क्ष = ०.२७२७... मानू. आवर्तन दोन अंकांचे, म्हणून १०० ने गुणू: १००क्ष = २७.२७२७... शेवटचा अंकच नसल्याने दोन्हींचा दशांश भाग तंतोतंत सारखा. वजाबाकीत तो नाहीसा होतो. ९९क्ष = २७, म्हणजेच क्ष = ३/११.

‘छेदात ९९ लिहा’ एवढेच सांगितले, तर नियम पाठ होतो, कारण हरवते. म्हणून वर्गात ही वजाबाकी आधी करून दाखवावी, असे आम्हांला वाटते.